केटीवाय ८१, केटीवाय ८४, टीएमपी ६१: सिलिकॉनच्या टेम्परेचर सेन्सरवर भरवसा ठेवायचा का?

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. उणे ५० पासून साधारण १२० डिग्रीपर्यंतचं तापमान मोजायचं असेल, सर्किट साधं ठेवायचं असेल आणि सेन्सर एकदा बसवला की पुढे वर्षानुवर्षं त्याच्यामागे धावायला लागू नये असं वाटत असेल, तर डोप केलेल्या, म्हणजे दुसऱ्या मूलद्रव्याचे मोजके अणू मिसळलेल्या सिलिकॉनचा रेझिस्टन्सवाला सेन्सर घ्या. माझी पहिली पसंती तीच आहे, एनटीसीच्या (तापला की रेझिस्टन्स कमी होणारा ऑक्साइडचा सेन्सर) आधी आणि बऱ्याच ठिकाणी पीटी१०० च्याही (शून्याला १०० ओमचा प्लॅटिनमचा सेन्सर) आधी. पण एक अट आहे, त्या सिलिकॉनचं डोपिंग नीट झालेलं हवं. या सेन्सरमधे चांगलं-वाईट जे काही असतं ते सगळं शेवटी तिथेच येऊन ठरतं, आणि बहुतेक रिव्ह्यूत नेमका त्याचाच उल्लेख नसतो, लोक फक्त प्लस-मायनस किती टक्के ते बघून ऑर्डर करून मोकळे होतात.

एनएक्सपी कंपनीच्या केटीवाय ८१-११० पासून सुरुवात करतो कारण या जातीतला सगळ्यात जास्त दिसणारा तोच. २५ डिग्रीला १००० ओम, एक टक्का इकडे तिकडे म्हणजे ९९० ते १०१०. दोन पायांचं काळं प्लॅस्टिकचं चपटं पॅकेज, पाय कसेही जोडा, उलटा-सुलटा प्रकार नाही. तापमान वाढलं की रेझिस्टन्स वाढतो. शून्याला ८१५ ओम, ५० ला १२०९, १०० ला १६९६. म्हणजे खोलीच्या तापमानाजवळ एका डिग्रीला जवळजवळ ८ ओमचा फरक पडतो. आता पीटी१०० बघा, एका डिग्रीला ०.३८५ ओम. त्यामुळे वायरचा नुसता १ ओम जास्तीचा आला तरी दोन वायरच्या पीटी१०० वर अडीच डिग्रीपेक्षा जास्त चूक दिसते, म्हणून तिथे तीन किंवा चार वायरचं जोडकाम करावं लागतं, आणि इथे तोच १ ओम म्हणजे डिग्रीचा जेमतेम आठवा भाग. लांब केबल टाकायची असेल तर हा फरक फार मोठा आहे, दोन साध्या वायरवर काम होतं.

हे होतं कसं ते थोडक्यात सांगतो कारण त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. शुद्ध सिलिकॉनमधे अगदी थोडा फॉस्फरस मिसळतात. थोडा म्हणजे किती, तर या कामासाठी दर घन सेंटिमीटरला १० चा १५ वा घात इतके अणू धरा, आणि तेवढ्याच जागेत सिलिकॉनचे अणू असतात ५ गुणिले १० चा २२ वा घात, म्हणजे साधारण ५ कोटी सिलिकॉन अणूंमागे फॉस्फरसचा एक. खोलीच्या तापमानाला प्रत्येक फॉस्फरस अणूनं आपला इलेक्ट्रॉन मोकळा केलेला असतो, त्यामुळे वाहकांची संख्या पक्की, ती तापमानाबरोबर हलत नाही. हलते ती फक्त त्यांची गती, कारण तापमान वाढलं की जाळीतले अणू जास्त थरथरतात, इलेक्ट्रॉन जास्त वेळा अडखळतात आणि रेझिस्टन्स वाढतो. म्हणून हा सेन्सर इतका शिस्तीत चालतो, एका डिग्रीला पाऊण टक्क्याच्या वर बदल आणि तोही जवळजवळ सरळ रेषेत. याच्या उलट डोपिंग भरपूर वाढवलं तर इलेक्ट्रॉन मिसळलेल्या अणूंवरच जास्त अडकायला लागतात, थरथरीचा वाटा कमी होतो आणि सेन्सर बोथट होतो. त्यामुळे इथे कमी डोपिंग हाच गुण.

पण कमी डोपिंगला वरून मर्यादा आहे. तापमान चढत गेलं की सिलिकॉन स्वतःहून इलेक्ट्रॉन आणि होल, म्हणजे इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेल्या रिकाम्या जागा, तयार करायला लागतं. ३०० केल्व्हिनला त्यांची संख्या दर घन सेंटिमीटरला साधारण १० चा १० वा घात, म्हणजे फॉस्फरसच्या तुलनेत लाखात एक, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ही संख्या घातांकानं वाढते आणि दीडशेच्या जवळ जाताना ती हळूहळू खेळात उतरते. केटीवाय ८१ च्या तक्त्यातच बघा ना, ११० ते १२० मधे रेझिस्टन्स ११० ओमनं वाढतो, १४० ते १५० मधे फक्त ८७ ओमनं. डेटाशीटवर १५० पर्यंत चालतो असं लिहिलेलं खरं आहे, चालतो, पण शेवटच्या तीस डिग्रीत त्याचं सरळपण गेलेलं असतं. म्हणून मी सुरुवातीला १२० म्हटलं.

वापरायला किती सोपा ते एका सर्किटवरून सांगतो. सेन्सरच्या सिरीजमधे २.९ किलोओमचा रेझिस्टर, वर ५ व्होल्ट, सेन्सरवरचा व्होल्टेज मोजायचा. बस्स. शून्याला १.०९७ व्होल्ट मिळतात, ५० ला १.४७१, १०० ला १.८४५, म्हणजे दोन्ही अर्ध्यांत ०.३७४ व्होल्टची सारखीच वाढ. मधल्या बिंदूंवर ही सरळ रेषा पाव डिग्रीच्या आसपासच चुकते. २.९ हा आकडा हवेतून नाही आलेला, ०, ५० आणि १०० चे तिन्ही रेझिस्टन्स एका सूत्रात घातले की २.९२ च्या जवळ उत्तर येतं, दुसरी रेंज घेतली तर आकडा बदलेल. १२ बिटचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करून देणारा भाग, असेल तर एका पायरीला ०.१६ डिग्री, साध्या १० बिटवरही डिग्रीच्या दोन तृतीयांशापर्यंत पोचता. एडीसीचा रेफरन्स त्याच ५ व्होल्टवर ठेवला तर सप्लाय थोडा हलला तरी फरक पडत नाही. लॉगरिदम नको, मोठा तक्ता नको, ॲम्प्लिफायर नको. एनटीसी लावला असता तर तो २५ डिग्रीला चार टक्क्यांच्या वर बदलतो म्हणून तिथे खूप तिखट वाटतो, पण १०० च्या पुढे त्याचा रेझिस्टन्स इतका खाली येतो की तेच सर्किट थकतं.

आणि भरवशाचा विषय निघालाच आहे तर हे महत्त्वाचं. एनटीसीची वायर तुटली तर कंट्रोलरला वाटतं की फार थंडी आहे आणि तो हीटर चालू ठेवतो, वेगळी तपासणी नसेल तर पुढे काय होतं ते सांगायला नको. सिलिकॉनचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो म्हणून त्याची वायर तुटली की कंट्रोलरला भयंकर गरम दिसतं आणि तो हीटर बंद करतो. शॉर्ट झाला तर उलट होईल हे खरं, पण हलणाऱ्या, थरथरणाऱ्या मशीनवर वायर तुटण्याचे प्रकारच मी जास्त पाहिलेत. नुसत्या या एका कारणासाठी मी हीटरच्या कामात सिलिकॉन सुचवतो.

आता तक्रारी. एक टक्का म्हणजे २५ डिग्रीला सुमारे १.३ डिग्रीची चूक, आणि रेंजच्या दोन्ही टोकांना ती वाढते. लॅबमधे दशांश डिग्री हवी असेल तर हा सेन्सर तुमच्यासाठी नाही, सरळ चांगला प्लॅटिनम घ्या. एका बिंदूवर कॅलिब्रेट केलं तर बराच सुधारतो आणि ते अवघड नाही, बर्फाचा चुरा आणि थोडं शुद्ध पाणी थर्मासमधे, चुरा जास्त पाणी कमी, सेन्सर पातळ नळीत घालून बर्फाच्या मधोमध, तळाला टेकू द्यायचा नाही, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. ८१५ च्या आसपास यायला हवं. आणि १ मिलिअँपिअर सोडला की हा १ मिलिवॉट उष्णता स्वतःच तयार करतो हे लक्षात असू द्या, पाण्यात त्याचं काही नाही, पण बंद हवेत तो आकडा किंचित वर ओढतो. वेगही हवेत मंदच, स्थिर हवेत टाइम कॉन्स्टंट ३० सेकंदांचा, स्थिर द्रवात ५.

हीच बर्फाची चाचणी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या लॉटवर लावली तेव्हा एक गोष्ट दिसली ती सगळ्यांना माहीत हवी. पाकिटावर केटीवाय ८१-११० लिहिलेलं, पण आकडे इतके पसरलेले की तो माल उघड उघड २ टक्क्यांच्या ग्रेडचा, म्हणजे केटीवाय ८१-१२० होता. चिप तीच, निवड वेगळी, आणि नुसतं बघून हे कधीच कळत नाही. म्हणून लॉट आला की त्यातले थोडे तरी बर्फात घालून बघाच, घरी करता येतं.

हा पसारा मुळात येतो कुठून, तर सिलिकॉनच्या कांडीतून. वितळलेल्या सिलिकॉनमधून स्फटिक ओढताना फॉस्फरस सरळ स्फटिकात जायला तयार नसतो, बराचसा वितळलेल्या भागातच मागे राहतो, त्याचा सेग्रिगेशन कोएफिशंट, म्हणजे वितळलेल्या भागाच्या तुलनेत स्फटिकातलं प्रमाण, ०.३५ आहे, बोरॉनचा ०.८. त्यामुळे कांडीचं एक टोक कमी डोप झालेलं, दुसरं जास्त, आणि आडव्या कापात सुद्धा बारीक पट्टे पट्टे. पॉवर ट्रान्झिस्टरला यातलं थोडंफार चालून जातं, सेन्सरला नाही, कारण या सेन्सरचा रेझिस्टन्स एका बारीक गोल कॉन्टॅक्टखालून पसरत जाणाऱ्या करंटवर ठरतो आणि त्याचं गणित रेझिस्टिव्हिटी भागिले कॉन्टॅक्टच्या व्यासाची दुप्पट इतकंच असतं. चिपची जाडी किंवा लांबी-रुंदी थोडी चुकली तरी चालतं, हे या रचनेचं खरं कौतुक, पण मग सगळा भार दोनच गोष्टींवर येतो, तो गोल किती अचूक छापला आणि त्याखालच्या सिलिकॉनमधे फॉस्फरस किती सारखा पसरलाय.

यावरचा एक उपाय मला फार आवडतो. फॉस्फरस बाहेरून मिसळायचाच नाही, सिलिकॉनमधेच तयार करायचा. निसर्गातल्या सिलिकॉनमधे ३.१ टक्के अणू सिलिकॉन-३० चे असतात. शुद्ध कांडी अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवली की त्यातले काही न्यूट्रॉन पकडून सिलिकॉन-३१ होतात, आणि तो साधारण २.६ तासांच्या अर्धआयुष्यानं फॉस्फरस-३१ मधे बदलतो. न्यूट्रॉन कांडीच्या आरपार जातात आणि सिलिकॉन-३० सगळीकडे सारखाच विखुरलेला असतो, त्यामुळे फॉस्फरसही सारखाच पसरतो, आणि किती डोपिंग करायचं ते किती वेळ ठेवायचं यावर ठरवता येतं. मारा झाल्यावर जाळीचं नुकसान झालेलं असतं ते तापवून भरून काढावं लागतं, ते अर्धवट सोडलं तर सगळा खटाटोप वाया. खर्चिक काम आहे, आणि प्रत्येक सेन्सर त्यातून जात नाही. पण एकाच लॉटमधले सेन्सर एकमेकांच्या जागी बिनधास्त बसवता यावेत असं वाटत असेल तर माल किती एकसारखा आहे हा प्रश्न पुरवठादाराला विचाराच.

दुसरी वाट सोन्याची किंवा मँगनीजची. असे धातू सिलिकॉनच्या बँडगॅपमधे, म्हणजे इलेक्ट्रॉन एरवी राहू शकत नाहीत त्या ऊर्जेच्या पट्ट्यात, खोल पातळ्या तयार करतात, सोन्याची एक पातळी तर जवळजवळ मधोमध. फॉस्फरसनं दिलेले इलेक्ट्रॉन सोन्याच्या पातळ्या गिळून टाकतात, सिलिकॉन जवळपास शुद्धासारखं वागायला लागतं आणि तापमान वाढलं की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणजे एनटीसीसारखा झपाट्यानं रेझिस्टन्स कमी होतो, डिग्रीला काही टक्के. संशोधनाच्या दृष्टीनं हा विषय फार सुंदर आहे, कारण ऑक्साइडच्या कणांऐवजी एकसंध स्फटिकातून इतका तिखट सेन्सर मिळू शकतो. पण वापरणारा म्हणून माझं मत सावध आहे. सोनं किती मिसळायचं याला जागाच फार कमी, फॉस्फरसच्या प्रमाणाशी ते अगदी जुळावं लागतं, थोडं इकडे तिकडे झालं की रेझिस्टन्स कितीतरी पटीनं बदलतो. आणि सोनं सिलिकॉनमधे खूप पटकन पसरतं, मँगनीजही चपळच, म्हणून सोल्डरिंगचं किंवा पुढच्या प्रक्रियेचं तापमान फार जपावं लागतं. फॉस्फरस मात्र जाळीत एकदा सिलिकॉनच्या जागी बसला की सेन्सरच्या सगळ्या आयुष्यात तिथून हलत नाही. मला भरवसा हवाय, म्हणून मी फॉस्फरसच्याच बाजूनं.

डोपिंग उत्तम असूनही सेन्सर सरकतो, त्याची दोन कारणं मला महत्त्वाची वाटतात. एक पृष्ठभागावरचा सोडियम. त्याचे आयन ऑक्साइडच्या थरात तापमान आणि व्होल्टेजखाली सरकतात आणि खालच्या सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन ओढतात नाहीतर ढकलतात, आणि डोपिंग इतकं कमी असल्यामुळे याचा परिणाम जास्त जाणवतो. वरून सिलिकॉन नायट्राइडचा थर असेल तर सोडियम अडतो. दुसरं कारण ताण. १९५४ मधे चार्ल्स स्मिथ यांनी बेल लॅब्जमधे दाखवलं की सिलिकॉनचा रेझिस्टन्स दाबानं भरपूर बदलतो, प्रेशर सेन्सरचा बराचसा धंदा त्यावर उभा आहे. एन-टाइप सिलिकॉनमधे वाईट दिशेला १० मेगापास्कलचा ताण आला तर बदल १ टक्क्याचा, म्हणजे आपल्या हिशोबात डिग्रीच्या वर. म्हणून सेन्सर कडक इपॉक्सीत गच्च ओतू नका. इपॉक्सी घट्ट होताना आकसतं, थंडी-उन्हात परत ताणतं, आणि मग लोक म्हणतात सिलिकॉन ड्रिफ्ट झालं, म्हणजे आकडा सरकला. मऊ सिलिकॉन रबर किंवा थर्मल पेस्ट लावून नळीत सैल बसवा, आणि पाय वाकवायचे तर पॅकेजच्या बुडाशी वाकवू नका.

केटीवाय ८४-१३० हा या घरातला मोटरवाला. १०० डिग्रीला १००० ओम, ३ टक्के इकडे तिकडे, उणे ४० ते ३०० पर्यंत, काचेचं छोटं पॅकेज, मोटरच्या वाइंडिंगमधे पुरलेला. ३०० ला सिलिकॉन चालतंच कसं असा प्रश्न पडायला हवा, वर सांगितलेल्या हिशोबानं तिथे स्वतःहून तयार झालेले वाहक फॉस्फरसच्या तोडीला येतात. युक्ती अशी की यात कॉन्टॅक्ट एकच आहे आणि करंट ठरलेल्या दिशेनंच न्यायचा, म्हणजे जास्तीचे होल त्या अरुंद जागेत साठायला मिळत नाहीत. म्हणूनच काचेवर पिवळी पट्टी असते आणि ती बाजू मायनसला जायला हवी, आणि २०० च्या वर करंट २ मिलिअँपिअर लागतो. उलटा जोडला तर थंडीत आकडा बरोबर दिसतो आणि मोटर खरी तापल्यावर कमी दाखवतो, हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण बसवताना केलेल्या तपासणीत तो सापडतच नाही. सेन्सर म्हणून उत्तम, जोडणाऱ्याकडून शिस्त मागणारा.

दुःख इतकंच की एनएक्सपीनं ही केटीवाय मालिका बंद केली. आज जे मिळतं ते जुना साठा नाहीतर इतरांनी बनवलेले, आणि त्यातले सगळे सारख्या दर्जाचे नसतात. नव्या डिझाइनमधे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमपी ६१ बघा, तोही सिलिकॉनचाच, २५ डिग्रीला १० किलोओम, १ टक्का, डिग्रीला ०.६४ टक्के. १० किलोओम असल्यामुळे करंट कमी लागतो, बॅटरीच्या वस्तूत तो मला केटीवायपेक्षा जास्त आवडला, आणि छोट्या एसएमडी (बोर्डच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणाऱ्या) पॅकेजमधे येतो म्हणून बोर्डवर चिपच्या शेजारी बसतो. पण याला प्लस-मायनस आहे, केटीवाय ८१ च्या सवयीनं कसाही लावू नका, आणि करंट सांगितलेल्या मर्यादेत ठेवा. एनटीसीच्याच जागेवर बसवता येतो, फक्त उतार उलटा असल्यामुळे प्रोग्रॅम बदलावा लागतो.

पीएन जंक्शनवाले, म्हणजे डिग्रीला साधारण २ मिलिव्होल्टनं खाली येणारे साधे डायोड, आणि त्यावर बांधलेल्या डिजिटल चिप्स हा वेगळा विषय. एवढंच सांगतो की अतिथंडीत, जिथे फॉस्फरसचे इलेक्ट्रॉन गोठून परत आपल्या अणूला चिकटतात आणि केटीवायसारखे सेन्सर निकामी होतात, तिथे सिलिकॉन डायोडच कामाला येतो, लेक शोअर कंपनीचा डीटी-६७० तर १.४ केल्व्हिनपर्यंत खाली जातो.

जुन्या मोटरवाल्यांनी मात्र हे नक्की वाचा. केटीवाय ८४ बंद झाल्यावर दुरुस्तीत बरेच जण पीटी१००० टाकतात, म्हणजे शून्याला १००० ओमचा प्लॅटिनमचा सेन्सर. सेन्सर चांगला आहे, तक्रार नाही, पण ड्राइव्हमधलं, म्हणजे मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरमधलं सेटिंग बदललं नाही तर घोळ होतो. २५ डिग्रीला पीटी१००० चे १०९७ ओम असतात, केटीवायच्या सेटिंगवर ते ११५ डिग्री दिसतं, थंड मोटर तापलेली वाटते आणि ट्रिप होते, त्रास होतो पण मोटर वाचते. उलटी गफलत धोक्याची. सेटिंग पीटी१००० चं आणि आत अजून केटीवाय ८४, तर वाइंडिंग १५० ला पोचलं की रेझिस्टन्स १३३४ ओम आणि स्क्रीनवर ८७ डिग्री, मोटर जळेपर्यंत कुणी बघणार नाही. ओळखायचं कसं, तर मोटर थंड असताना आकडा बघा, या दुसऱ्या गफलतीत खोलीच्या तापमानाला स्क्रीनवर चक्क उणे १०० च्या आसपास दिसेल. तो आकडा दिसला तर सप्लाय बंद करा, टर्मिनल बॉक्स उघडून मीटर लावा, आणि ६०० ओमच्या आसपास मिळाले तर आत केटीवाय आहे हे धरून सेटिंग बदला. पिवळी पट्टी आता दिसणार नाही, म्हणून टर्मिनलवरच्या प्लस-मायनसच्या खुणा त्याच वेळी जुळवून घ्या.